फोमचा बेस: डायोरामाची जमीन पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

डायोरामा म्हणजे छोट्या मॉडेलभोवती उभा केलेला देखावा, आणि बेस म्हणजे त्याची जमीन. माझा पहिला बेस टीव्हीच्या खोक्यातून निघालेल्या थर्माकोलचा होता. साध्या सुरीने कापायला गेलो तर कडेला भगदाड पडलं, आणि पांढरे दाणे हाताला, बाहीला, पार भुवयांना जाऊन चिकटले. तरी रेटून नेलं. वर भुसा टाकला, तपकिरी रंग फासला, रणगाडा ठेवला. समोरून बरं दिसायचं. पण बाजूने कुणी वाकून पाहिलं की मातीखालून पांढरे मणी डोकवायचे, आणि तीन महिने खपून केलेला रणगाडा खेळण्यासारखा वाटायचा.

तेव्हापासून एकच कसोटी लावतो: फोम कुठूनही कळता कामा नये. दाण्यांवरून नाही, कडेवरून नाही, आणि चाकाखाली राहिलेल्या फटीवरून तर मुळीच नाही.

हे नुसतं सांगून समजत नाही, म्हणून एकच बेस पहिल्यापासून शेवटपर्यंत करू. १:३५ प्रमाणातला एक छोटा ट्रक. कच्च्या रस्त्याचं वळण, मागे ढासळलेला दगडी गडगा, पुढे पाणी साचलेला चर. आकार २२ × १६ सेंटिमीटर. पहिल्या बेसला याहून मोठं काही घेऊ नका.

फोम कोणता घ्यायचा

थर्माकोल आणि मॉडेलवाले वापरतात तो घट्ट फोम, दोन्ही एकाच प्लास्टिकचे, पॉलिस्टायरिनचे. फरक बनवण्यात आहे. थर्माकोलमध्ये वाफेवर फुगवलेले दाणे साच्यात दाबून एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून तो दाण्यादाण्याने तुटतो. दुसऱ्या प्रकारात वितळलेलं प्लास्टिक फुगवत फुगवत सलग पट्टीसारखं बाहेर काढतात. त्याला एक्सपीएस म्हणतात. आत एकसारखे बारीक बंद कप्पे असतात, त्यामुळे पात्याने ओढलेली रेघ रेघच राहते. इमारतींच्या भिंती आणि छपरं उष्णतारोधक करायला हेच बोर्ड वापरतात. गुलाबी, निळा, हिरवा, करडा हे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, रंगावरून दर्जा ठरवू नका. अंगठ्याचं नख दाबून ओढा. स्वच्छ खाच पडली तर एक्सपीएस, दाणे बाजूला सरकले तर थर्माकोल.

थर्माकोल टाकून द्यायचं कारण नाही. मोठ्या टेकडीच्या पोटात भरायला तो उत्तम, बाहेरचा थर तेवढा एक्सपीएसचा ठेवायचा. दोन्ही बाजूंना कागद असलेला फोमबोर्ड घरांच्या भिंतींना चालतो, जमिनीला नाही. फुलं खोचायचा हिरवा फोम हाताळतानाच चुरा होतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आपल्या बेसला २५ मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस पुरेल.

पॉलिस्टायरिनचा स्वभाव आधीच ओळखून घ्या. असिटोन, टोल्यूइन, पेट्रोल, लॅकर थिनर यात तो विरघळतो. स्प्रेच्या डब्यातल्या बहुतेक रंगांत अशीच द्रावणं असतात. बहुतेक सुपरग्लूही त्याला खातात, आणि प्लास्टिकचं किट जोडायचा पातळ सिमेंट तर खातोच, कारण प्लास्टिक विरघळवून जोडणं हेच त्याचं काम. एकदा दोन दिवस बसून कोरलेल्या भिंतीवर मी डब्यातला करडा प्रायमर मारला. बारीक चरचर ऐकू आली. पाच मिनिटांत प्रत्येक दगडाला खड्डे पडले होते. नवीन काहीही असो, गोंद, रंग किंवा वॉर्निश, आधी कापून उरलेल्या तुकड्यावर लावा आणि रात्रभर ठेवा.

आधी कागदावर

बेसच्या मापाचा कागद घ्या आणि त्यावर खरं मॉडेल ठेवून फिरवून पाहा. ट्रक कडेला समांतर ठेवला की दुकानाच्या फळीवर ठेवल्यासारखा दिसतो. दहा-पंधरा अंश तिरका करा, मध्यापासून जरा सरकवा, लगेच कुठेतरी निघाल्यासारखा वाटतो. भोवती दोन-तीन सेंटिमीटर जागा पुरे. नवखा माणूस हमखास बेस मोठा घेतो आणि मग रिकामी जागा भरायला पिंपं, टायर, कुत्रा, कोंबडी आणून बसवतो.

प्रमाणाचा हिशोब सोपा आहे: खरं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि ३५ ने भागा. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस ५० मिलिमीटर होतो (१:७२ मध्ये २४). पायरी साधारण १५ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे चार मिलिमीटरच्या थोडी वर. चिखलात पाच सेंटिमीटर रुतलेली चाकोरी फक्त दीड मिलिमीटर खोल. आकडे न काढता हात चालवला तर चाकोऱ्यांचे कालवे होतात. माझे झालेत.

मग कागदावर रस्ता, गडगा, चर काढा. उंच भाग मागे ठेवा, उतार बघणाऱ्याकडे.

कापणं

सरकत्या पात्याचा १८ मिलिमीटर रुंद कटर घ्या आणि पात्याचं टोक तोडून नवं काढा. बोथट पातं फोम कापत नाही, ओरबाडतं. ते ओरबाडणं कडेला बारीक लवेसारखं दिसतं. पातं जवळजवळ आडवं धरून, करवतीसारखं पण हलक्या हाताने ओढा. स्टीलच्या पट्टीलगत पहिली रेघ, त्यातूनच दुसरी, मग तिसरी. एका दमात आरपार दाबलं तर वर सरळ आणि खाली वाकडं कापलं जातं.

गरम तारेचं कटर उतारांना फार छान. पण तार लाल होऊ द्यायची नाही आणि धूर निघता कामा नये. धूर निघाला तर तापमान जास्त आहे, आणि त्या वाफा श्वासात घ्यायच्या नसतात. खिडकी उघडी ठेवा. एकाच बेससाठी हे यंत्र घ्यायची गरज नाही.

घासायला आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०. तोंडाला एन-९५ मास्क लावा. हा भुगा विजेच्या भाराने सगळीकडे चिकटतो, झटकून जात नाही, ओल्या फडक्यानेच पुसावा लागतो.

चिकटवणं, म्हणजे धीर धरणं

खाली सहा मिलिमीटरचा एमडीएफ किंवा प्लाय, त्यावर पूर्ण मापाचा फोम, आणि मागच्या भागात उंचीसाठी दुसरा तुकडा. एमडीएफला आधी दोन्ही बाजूंनी आणि कडांना वॉर्निश द्या. नाहीतर वरून लावलेल्या पाण्याने एकच बाजू फुगते आणि महिनाभरात बेस डुलायला लागतो.

गोंद म्हणून सगळे फेविकॉलसारख्या पांढऱ्या पीव्हीए गोंदाकडे वळतात. फोमला तो काही करत नाही, हे खरं. पण तो सुकतो पाणी उडून, आणि फोमच्या दोन तुकड्यांमध्ये पाण्याला वाटच नसते. मी एकदा दोन थर असे चिकटवून आठ दिवसांनी कोरायला घेतले. वरचा तुकडा सरकला. उचलून पाहिलं तर कडेने बोटभर सुकलेली किनार, आणि आत गोंद दुधासारखा ओला.

त्यामुळे पीव्हीए वापरायचाच असेल तर दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडा, गोंद अगदी पातळ पसरा आणि टूथपिक आरपार खोचून तुकडे जागेवर बांधून टाका. टूथपिक असल्या की आत गोंद ओला राहिला तरी काम अडत नाही. जिथे पुढे कोरायचं आहे तिथे मात्र त्या खोचू नका. त्याहून सोयीचा म्हणजे ज्यावर ‘फोमला चालतो’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं तो बांधकामाचा गोंद. ग्लू गन घेतलीत तर कमी तापमानाची घ्या. जास्त तापमानाची गन फोममध्ये घळ पाडते, आणि कमी तापमानाच्या गनची गाठसुद्धा कटरने कापली जात नाही, पातं तिथे अडखळून दगड फाडतं. म्हणून ती फक्त तळाशी वापरा.

वर पुस्तकांचं वजन ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

जमिनीला आकार

कटरने मोठे उतार कापा, पॉलिश पेपरने त्यांचा टोकदारपणा घालवा. अगदी सपाट जागा कुठेही ठेवू नका. रस्ताही मध्ये किंचित फुगीर आणि कडांना उतरता असतो, म्हणून तर पाणी चरात जातं. चर सात-आठ मिलिमीटर खोल कोरा, तळ बेसच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत नेऊ नका. चाकोऱ्या आत्ता काढायच्या नाहीत.

गडग्यासाठी उरलेल्या एक्सपीएसचे दहा मिलिमीटर जाडीचे तुकडे घ्या. सबंध भिंत असती तर एका तुकड्यावर बोथट पेन्सिलीने दगडांच्या रेघा दाबून काम झालं असतं. ढासळलेल्या भिंतीला ते पुरत नाही, कारण तुटलेल्या टोकाला प्रत्येक दगड सुटा दिसायला हवा. तर छोटे छोटे ठोकळे कापा, लहानमोठे, आणि त्यांचे कोपरे नखाने मोडा. आता स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून त्याचा लिंबाएवढा गोळा करा आणि ठोकळ्याच्या सगळ्या बाजूंवर दाबत फिरवा. फॉइलच्या सुरकुत्या आणि टोकं फोमवर उमटतात, गुळगुळीत गुलाबी ठोकळा बघता बघता फोडलेल्या दगडासारखा होतो. गोळा दर वेळी थोडा वळवा, नाहीतर एकच खूण प्रत्येक दगडावर दिसते आणि बघणाऱ्याचा डोळा ती नेमकी पकडतो. मोठे दगड खाली, सांधे एकावर एक येणार नाहीत असे रचा, पीव्हीएने चिकटवा. (सुटे ठोकळे लहान असतात, कडेने हवा लागते, तिथे पीव्हीए नीट सुकतो.) चार-सहा दगड पायथ्याशी पडलेलेही ठेवा. ढासळलेल्या भिंतीचे दगड कुणी उचलून नेलेले नसतात.

कडा: इथे कंटाळा केलात तर सगळं गेलं

बऱ्याच जणांचा बेस इथे फसतो. वरची जमीन अप्रतिम, आणि बाजूला घाईत काळा रंग लावलेला खडबडीत फोम. चित्राला चौकट जे करते तेच बेसला कडा करते.

चारही बाजूंना एक मिलिमीटर जाडीची प्लास्टिक शीट किंवा पातळ प्लाय लावा. शीट बाजूला टेकवून धरा, जमिनीचा चढउतार पेन्सिलीने त्यावर उतरवा आणि रेघेच्या दोन मिलिमीटर वर कापा. ते दोन मिलिमीटर पुढे येणाऱ्या मातीच्या थरासाठी. फोमला चालणाऱ्या गोंदाने चिकटवा. कोपऱ्यांतल्या फटींत पुट्टी भरून सुकल्यावर घासा, इतकं की बोट फिरवलं तर कोपरा एकसंध लागला पाहिजे. आता बाहेरून मास्किंग टेप लावून टाका, रंगकाम संपेपर्यंत तो तिथेच राहणार.

अस्तर

पीव्हीए, थोडं पाणी, गडद तपकिरी अॅक्रिलिक रंग. हे मिश्रण ब्रशने सगळीकडे, दगडांच्या फटींतसुद्धा, दोन हात. मूळ रंग झाकला जातो, पृष्ठभाग कडक होतो आणि पुढच्या थराला पकड मिळते. मात्र या अस्तरावर भरवसा ठेवून स्प्रेचा डबा उचलू नका. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी द्रावण आत शिरतं आणि आतून पोखरतं.

माती

तयार मिळणारी भिंतीची अॅक्रिलिक पुट्टी तीन भाग, चाळलेला बारीक लाकडाचा भुसा एक भाग, पीव्हीए एक भाग, आणि भरपूर तपकिरी अॅक्रिलिक रंग. पाणी लागेल तसं थेंबथेंब. चमच्यावरून सावकाश घसरेल इतपत घट्ट हवं. रंग मिश्रणातच घालायचा, वरून नाही. उद्या कोपरा कुठे टवका उडून निघाला तर आतही तपकिरीच निघेल, पांढरं नाही.

जुन्या ब्रशने दोन ते तीन मिलिमीटरचा थर द्या. जाड हवा असेल तर दोनदा द्या, एकदम जाड दिला तर सुकताना तडकतो. गडग्याच्या पायथ्याशी माती दगडांवर किंचित चढवा, म्हणजे भिंत जमिनीतून वर आलेली वाटते, जमिनीवर ठेवलेली नाही.

आता चाकोऱ्या. ट्रकची सुटी चाकं असतील तर तीच घ्या, नसतील तर पूर्ण मॉडेलच्या चाकांना पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा. माती लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. अगदी ओल्या मातीत नक्षी उमटते आणि लगेच मिटते. टायर थोडा ओला करून, दाबून सरळ रेषेत फिरवा, चाकांमधलं अंतर ट्रकवरूनच मोजा. बाजूला सरकलेली माती तशीच राहू द्या, खऱ्या चिखलालाही अशीच वरंबासारखी कड येते. शेवटी ट्रक ज्या जागी उभा राहणार तिथे त्याला हलकेच दाबून उचला. चार टायरांचे चार खळगे उमटले की त्याची जागा कायम झाली.

सुकायला एक पूर्ण दिवस, दमट हवेत दोन. हेअर ड्रायर लावू नका, वर साय धरते आणि खालची ओल तिला तडा देते. आलीच भेग तर तेच मिश्रण पातळ करून भरा. कोरडी जमीन दाखवायची असेल तर भेग राहू द्या, फुकट मिळाली.

मग वाळू, खडी, चाळलेली माती. कणांचं माप विसरू नका: एक मिलिमीटरचा कण १:३५ मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा खडा होतो, १:७२ मध्ये सात सेंटिमीटरचा. बाहेरून आणलेली माती ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर अर्धा तास तापवून घ्या, नाहीतर बुरशी किंवा किडे बेसवर राहायला येतात.

कण पसरून झाले की एक भाग पीव्हीए, दोन भाग पाणी आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एकच थेंब, हे ड्रॉपरने सोडा. साबणाशिवाय काय होतं ते एकदा तुकड्यावर मुद्दाम करून पाहा: थेंब मातीत शिरतच नाही, धूळ अंगाला लपेटून गोळीसारखा घरंगळत जातो आणि मागे उघडी वाट सोडतो. साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि तोच थेंब टिपकागदावर पडल्यासारखा पसरतो. त्याआधी स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारला तर आणखी बरं.

गवताबद्दल थोडक्यात: तयार झुपके घ्या, चरालगत आणि गडग्याच्या पायथ्याशी लावा, रस्त्यावर नाही. घोट्याएवढं गवत म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. सगळे झुपके एकाच रंगाचे नकोत.

रंग

गडदावरून उजळाकडे. आधी सगळी जमीन ओल्या मातीच्या गडद तपकिरीने, मग उंचवट्यांवर त्यातच थोडा फिकट मातकट रंग मिसळून. चाकोरीचा तळ आणि चराच्या कडा गडदच सोडा, पाणी तिथे असतं. दगडांना करडा रंग, वर काळसर वॉश (फटींत उतरेल इतका पातळ केलेला रंग), सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांना फिकट करडा. हे ड्रायब्रशिंग दगडांपुरतंच ठेवा, मातीवर केलं की खडू घासल्यासारखं दिसतं.

पहिल्या बेसला वॉशही अॅक्रिलिकचेच वापरा. ऑइल रंगाच्या वॉशमधलं द्रावण एखाद्या उघड्या राहिलेल्या फटीतून फोमपर्यंत पोचू शकतं.

आणि जमिनीचाच रंग ट्रकच्या टायरांना, मडगार्डच्या आत, खालच्या बाजूला लावा. हे विसरलं तर कितीही चांगली जमीन असो, ट्रक दुसऱ्याच गावातून उचलून आणल्यासारखा दिसतो.

चरातलं पाणी

रेझिनचे दोन प्रकार मिळतात. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते फोम खातं, त्याला हात लावू नका. इपॉक्सी चालतं, पण ते घट्ट होताना तापतं. एकदम खोल ओतलं तर ती उष्णता फोमला पुरून उरते. म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा एक थर, पूर्ण घट्ट झाल्यावर दुसरा. चर बेसच्या कडेपर्यंत जात असेल तर बाहेरून टेपचा बांध घाला. आणि ओतण्याआधी चराला आतून पीव्हीएचे दोन-तीन हात द्या. रेझिनला भोक सापडतंच. रात्री काठोकाठ भरलेला चर सकाळी रिकामा आणि टेबल चकचकीत, हा अनुभव मी घेतला आहे, तुम्ही घेऊ नका. तळ आधीच गडद हिरवट तपकिरी रंगवलेला हवा, रेझिनमध्ये त्याच रंगाचा अगदी कणभर थेंब. हातमोजे घाला, खिडकी उघडी.

उथळ डबक्याला एवढा खटाटोप नको. ग्लॉस वॉर्निशचे चार-पाच हात पुरतात.

ट्रक बसवणं

दोन टायरांना खालून भोक पाडून एक मिलिमीटर जाडीची तार बसवा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर ठेवा. दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद तारेला लावून ट्रक त्याच्या खळग्यांत रोवा. हा गोंद फोमला चालतो.

आता व्हिजिटिंग कार्ड घ्या आणि प्रत्येक चाकाखाली सरकवून पाहा. कार्ड आत गेलं तर तिथे फट आहे. तुम्हाला दिसत नसेल, पण वजनदार ट्रक हवेत तरंगतोय हे बघणाऱ्याला जाणवतं, कारण सांगता आलं नाही तरी. शिल्लक मातीचं मिश्रण पातळ करून बारीक ब्रशने त्या फटीत भरा, टायरच्या बाजूलाही थोडं चढू द्या. चौथ्या चाकापर्यंत कार्ड अडायला हवं.

मग मास्किंग टेप काढा, सावकाश, कडेशी मागे दुमडून. कडांना मॅट काळ्या रंगाचे दोन पातळ हात, ब्रशनेच. तळाला चार कोपऱ्यांत फेल्टचे तुकडे चिकटवा, म्हणजे टेबलावर ओरखडे उठत नाहीत.